कोंबड्यांच्या पिसांना काळी किनार हवी म्हणून वर्षानुवर्षं खपलेला खासदार

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरचे खासदार सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) यांना एक वेगळाच नाद होता. त्यांना चिमुकली बँटम कोंबडी हवी होती, पण तिच्या प्रत्येक पिसाला काळी किनार हवी. अशी कोंबडी मिळेना, म्हणून ती तयार करायला ते स्वतःच बसले.

१८०० च्या आसपास त्यांनी संकर सुरू केले. मनासारखी पिसं आलेली पिल्लं ठेवायची, बाकीची बाजूला काढायची, पुन्हा जोड्या लावायच्या. वर्षानुवर्षं हेच. त्यातून सोनेरी आणि चंदेरी 'सेब्राइट बँटम' तयार झाली. गंमत म्हणजे यातला कोंबडाही कोंबडीसारखाच दिसतो, शेपटीत ती लांब, वळणदार पिसं नाहीत. वजन जेमतेम ६०० ग्रॅम.

पण हवा तो गुण पक्का करायला जवळच्या नात्यातल्या जोड्या लावाव्या लागतात, आणि त्याची किंमत मोजावी लागते. सेब्राइट यांनी असे प्रयोग कोंबड्यांसोबत कुत्र्यांवरही केले होते. कोंबड्या लांब पायांच्या, बारक्या झाल्या, त्यांची वीण बिघडली. धडधाकट स्पॅनियल कुत्र्यांची पुढची पिढी दुबळी निपजली. हे त्यांनी लपवलं नाही, १८०९ मध्ये पुस्तिकेत छापून टाकलं.

त्याच पुस्तिकेत आणखी एक निरीक्षण होतं: कडक हिवाळा किंवा अन्नाची टंचाई दुबळ्या जनावरांना संपवते, म्हणजे निसर्गही निवड करतो. पुढे ही पुस्तिका चार्ल्स डार्विन यांनी वाचली. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्येही सेब्राइट यांचं नाव आहे, पण कोंबड्यांसाठी नाही, कबुतरांसाठी. हो, ते कबुतरंही पाळायचे.