कै. वि. स. खांडेकर : दृष्टी गेली, साहित्यसेवा राहिली

पोशीर, कर्जत व खालापूर येथील ज्ञातिबंधूंच्या घरी ही स्मरणिका जाईल, तेव्हा ती कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवील आणि दृष्टी मंदावलेले एखादे वडीलधारे ती ऐकत बसतील. अशा वडीलधाऱ्यांस आठवून आम्ही हे चरित्र सादर करीत आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस झाला. जन्मनाव गणेश, पुढे ते चुलत्यांस दत्तक गेले व विष्णु सखाराम झाले. १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी शिरोडे या लहानशा गावी शिक्षकाचे व्रत चालविले. नंतर कोल्हापूर हेच त्यांचे घर झाले. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘क्रौंचवध’ या कादंबऱ्या घरोघरी गेल्या. १९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली.

त्यांची दृष्टी पूर्वीपासूनच अधू होती. ती उत्तरोत्तर क्षीण होत गेली आणि अखेरच्या वर्षांत पूर्णपणे मावळली. ज्याचे सारे आयुष्य वाचन व लेखन यांत गेले, त्याच्यापुढील कागदच दिसेनासा झाला, तर त्याने स्वतःस लेखक म्हणावे काय? भाऊसाहेबांनी या प्रश्नास कृतीने उत्तर दिले. दुसऱ्याच्या मुखाने ते वाचीत, दुसऱ्याच्या हाताने लिहीत. स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिणारास सबंध वाक्य मनात जुळवून मग उच्चारावे लागते. ही नवी शिस्त उतारवयात अंगी बाणविणे सोपे नव्हे. त्याहून कठीण म्हणजे आधार मागणे. पण त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. मराठीस तो प्रथमच लाभला. पण त्या गौरवाच्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार होता. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या घरांतून मंद दृष्टी लपविण्याची रीत आहे. हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, की कर्त्या पुरुषास आपले कर्तेपणच गेले असे वाटते. सुईत दोरा ओवेना, की गृहिणी मनातून खचते. म्हणून कोणी बोलत नाही व उपचारास विलंब होतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, मात्र वेळीच उपचार झाल्यास उरलेली राखता येते. म्हणून चाळिशीनंतर नेत्रतपासणी अवश्य करावी. आणि ज्यांची दृष्टी गेलीच, त्यांस घरच्या मुलांनी रोज घटकाभर वाचून दाखवावे व घरच्या कारभारात त्यांचा सल्ला पूर्ववत घ्यावा, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.