'कीचकवध'कर्ते काकासाहेब

'स्वयंवरा'तले यमनातले पद शिकविताना मुले चालीविषयी हटकून विचारतात. चाल भास्करबुवा बखल्यांची, आणि भास्करबुवा आपल्या बडोद्यातच फैज महंमद खाँसाहेबांजवळ शिकले, हे राजवाड्यात गवई असलेल्या माझ्या वडिलांनी मला लहानपणीच सांगितले होते. पण पदे लिहिणाऱ्या गृहस्थांवर सरकारची दोनदा वक्रदृष्टी झाली, हे मला फार उशिरा कळले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीस जन्मले. टिळकांच्या 'केसरी'त असतानाच ते नाटके लिहीत. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातली, इंग्रजाचे नाव कोठे नाही. तरी प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदभूमी, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. आता गुन्हा लिहिणाराचा की ओळखणाराचा? १९०९च्या डिसेंबरात नाशकास नाटकगृहातच कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. १९१० साली 'कीचकवधा'चे प्रयोग बंद करण्यात आले.

ज्या कायद्याने ते बंद झाले तो १८७६चा, आणि बडोदेकरांना तो अगदीच परका नव्हे. १८७५ साली मल्हारराव महाराजांना गादीवरून काढले, त्या प्रकरणावर बंगालीत नाटक झाले. अशा नाटकांनी धास्तावूनच सरकारने तो केला.

बंदीच्या पुढच्या वर्षी 'मानापमान' आले आणि १९१६ साली 'स्वयंवर'. ते करणाऱ्या गंधर्व मंडळीस सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. काही रसिक म्हणतात, बंदी आली म्हणूनच ही पदे मिळाली. माझी भाकरी या पदांवर असूनही मला हे पटत नाही. रागात स्वर वर्ज्य असतो खरा, पण तो रागाने ठरविलेला, फौजदाराने नव्हे.

आणि काकासाहेब गप्प बसले कोठे? १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' काढला, आणि १९२९ साली त्यातील लेखांबद्दल राजद्रोहाखाली वर्षाची कैद भोगण्याची पाळी त्यांच्यावर आली. 'कीचकवधा'वरची बंदी तोवर उठली होती.

१९४८ साली ते वारले. भाषणस्वातंत्र्य देणारी घटना १९५० साली लागू झाली. पुढच्याच वर्षी पहिल्या दुरुस्तीने त्या स्वातंत्र्यावरील मर्यादांची यादी वाढली. १८७६चा कायदा अलाहाबाद हायकोर्टाने १९५६ साली घटनेशी विसंगत ठरविला, तरी कायद्याच्या पुस्तकातून तो निघाला २०१८ साली.