डोंगरीतले एकशे एक दिवस

बनावट कागदांवर विश्वास ठेवल्यामुळे तुरुंगात जावे लागलेला संपादक सुटून आल्यावर काय लिहील? बहुधा तो विषयच टाळील. गोपाळ गणेश आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले.

कऱ्हाडनजीकच्या टेंभू गावी १८५६ साली दरिद्री घरात जन्मलेल्या आगरकरांनी एम्. ए. होऊनही सरकारी नोकरीकडे पाठ फिरविली आणि १८८१ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व पत्करले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा त्या वेळी बोभाटा होता. दिवाण माधवराव बर्वे यांना त्यात गोवणारी पत्रे हाती येताच ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्यावर तुटून पडले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले.

आमच्या भिवंडीत यंत्रमागवाला सूत उधारीवर उचलतो, तो पतीच्या जोरावर. पत्रकर्त्याचा व्यवहार याहून निराळा नाही. एका खोट्या कागदाने ती पत बुडावी, असाच तो प्रसंग होता. परंतु ‘डोंगरीच्या तुरुंगांत आमचे एकशे एक दिवस’ या पुस्तकात हौतात्म्याचा आव नाही की रडगाणेही नाही. तुरुंगातले अन्न, पहारेकरी, रात्री दोघांचे वाद इतके चढत की शिपायांना येऊन दटवावे लागे, हे सारे आगरकर विनोदाने, प्रसंगी स्वतःलाच हसत सांगतात. पाहिलेले तेवढेच लिहावयाचे, ही शिस्त त्यात आढळते. आजच्या वार्ताहरांनी ते जरूर वाचावे.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे युरोपियन रखवालदाराशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा अंत झाला. म्हणजे त्यांच्याविषयीची काळजी अनाठायी नव्हती; मात्र तेवढ्याने बर्व्यांवरील आरोप खरा ठरत नाही. हा भेद विसरला जातो.

१८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली; त्यांची लेखणी थांबली नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. उशाशी एक पुरचुंडी सापडली, असे सांगतात. तीत अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते.