अण्णासाहेब कर्वे यांची विद्यार्थिदशा

दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या ज्ञातिबांधवांची मुले-मुली मोठ्या उमेदीने महाविद्यालयाची पायरी चढतात, आणि पुढील उन्हाळ्यात त्यांपैकी काहींच्या घरी अवकळा पसरते. मुलगा पहिल्याच वर्षी घसरला, त्यास बुद्धी बेताचीच आहे, तेव्हा आता कोठे तरी नोकरीस चिकटवावा, असा निकाल घरातील वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात. प्रस्तुत लेखक स्वतः मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकला नाही. परंतु पस्तीस वर्षे मुलांना शिकविण्यात गेल्यामुळे हा निकाल किती घाईने दिला जातो हे त्याने पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रातील एकच भाग निवडला आहे. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य सर्वविश्रुत आहे; ते विद्यार्थी कसे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे आजोळी झाला. त्यांचे गाव दापोलीजवळील मुरुड. घरची स्थिती गरिबीची. स्वभाव इतका भिडस्त की चारचौघांत तोंडातून शब्द फुटू नये. गावच्या सोमण गुरुजींनी या मुलाला केवळ धडे दिले नाहीत, तर गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचून दाखविण्याच्या कामास लावले. आपण जे वाचतो ते आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडते, ही जाणीव त्यांस तेथे झाली असावी. परीक्षेचे भय जेवढे काम करून घेते त्याहून ही जाणीव अधिक काम करून घेते, असे मला अनुभवाने वाटते.

१८७५ साली मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांस साताऱ्यास जावयाचे होते. पावसाळ्याचे दिवस, समुद्रमार्ग बंद. तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांसह कुंभार्ली घाटाने पायी निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, नद्या-ओढे दुथडी भरलेले, पाठीवर वळकटी. पाय सुजलेल्या स्थितीत मंडळी साताऱ्यास पोहोचली. आणि तेथे अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता, तो व्यर्थ गेला. अंगकाठी लहान, एवढाच काय तो अपराध! आलेल्या वाटेने परत जाणे प्राप्त झाले. आजच्या पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. एवढ्या आघाताने किती मुलांनी पाटी-दप्तर खुंटीला टांगले असते? धोंडूने पुढे कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला.

इंग्रजी शिक्षणास त्यांनी हात घातला तोच उशिरा. मुरुड, रत्नागिरी आणि मग मुंबईची रॉबर्ट मनी शाळा असा प्रवास करीत १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. विवाह पंधराव्या वर्षाच्या सुमारासच झालेला. महाविद्यालयाचे शिक्षण सुरू होते न होते तोच, जानेवारी १८८२ मध्ये, पुत्र रघुनाथ याचा जन्म झाला. प्रपंचाचा भार, मुंबईचा खर्च आणि शुल्क हे सर्व शिकवण्यांवर चालवावयाचे होते. प्रथम विल्सन व नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी गणित हा विषय घेऊन अभ्यास केला.

१८८४ साली अण्णासाहेब बी. ए. झाले. त्याच वर्षी त्याच महाविद्यालयातून बी. ए. झालेला दुसरा एक विद्यार्थी म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचे वय अठरा, कर्व्यांचे सव्वीस! एकाची स्मरणशक्ती लोकविलक्षण. दुसऱ्याची बुद्धी, त्याच्या स्वतःच्याच मते, सामान्य. आठ वर्षांचे हे अंतर त्या काळी किती लाजिरवाणे वाटले असेल याची कल्पना करावी. पण कर्वे त्या अंतराकडे पाहत बसले नाहीत. रोजचे काम रोज करावयाचे, ठरलेल्या वेळी करावयाचे आणि जे समजले ते दुसऱ्यास शिकवून पक्के करावयाचे, अशी त्यांची रीत होती. शिकवण्या त्यांनी पोटासाठी धरल्या, हे खरे. तथापि ज्याला दुसऱ्यास उदाहरण सोडवून दाखवावे लागते त्याचे स्वतःचे गणित कच्चे राहू शकत नाही, हे कोणीही शिक्षक सांगेल. पाठांतराने उत्तीर्ण होणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. वर्षानंतर त्यांच्यापाशी काही उरत नाही.

पदवीनंतरही हा क्रम सुटला नाही. मुंबईतील निरनिराळ्या शाळांत शिकविण्यासाठी ते पायपीट करीत. तुटपुंज्या मिळकतीतील ठराविक अंश सार्वजनिक कामासाठी बाजूला काढून ठेवीत. नात्यातील रघुनाथ परांजपे या मुलास त्यांनी शिक्षणासाठी आपल्याजवळ ठेवून घेतले. हाच मुलगा पुढे केंब्रिज येथे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला. घरात एक माणूस नेमाने अभ्यास करताना दिसला की मुलांना निराळा उपदेश करावा लागत नाही. ज्या घरी वडील रात्री पत्ते कुटीत बसतात तेथे मुलाच्या आळसाची तक्रार ऐकताना मला नेहमी संकोच वाटे!

१८९१ साली पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोखल्यांनी आपल्या या वडीलधाऱ्या सहाध्यायास पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी पाचारण केले. ते काम आपणास झेपेल की नाही, असा संकोच अण्णासाहेबांस वाटला. पण ते गेले, आणि १९१४ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. तेथील तास संपवून ते हिंगण्यास चिखलवाटेने चालत जात. हिंगण्याच्या माळावर १९०० साली उभारलेल्या झोपडीत विधवा मुलींचे वर्ग भरत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले, १९५८ मध्ये भारतरत्न ही पदवी मिळाली. हा सर्व इतिहास वाचकांस ठाऊकच आहे.

एवढे मात्र सांगावयाचे राहिले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी एक मंडळ काढले आणि त्यासाठी वर्गणी गोळा करीत ते दारोदार पायी हिंडू लागले.