जोसे जर्सन दा कुन्हा

डॉ. जोसे जर्सन दा कुन्हा (जन्म : १८४४, हडफडे, गोवा; मृत्यू : १९००, मुंबई) हे वैद्यक व्यवसायी, इतिहाससंशोधक, प्राच्यविद्यापंडित आणि नाणकशास्त्रज्ञ होते. चौल व वसई येथील ओस पडलेल्या पोर्तुगीज वास्तूंचा इतिहास त्यांनी छायाचित्रांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

जीवन

दा कुन्हा यांचा जन्म गोव्याच्या बार्देस तालुक्यातील एका कॅथलिक कुटुंबात झाला. ब्रिटनमधून वैद्यकाच्या पदव्या संपादन केल्यानंतर त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. रुग्णसेवा सांभाळून ते इतिहास, भाषा व नाणी यांच्या अभ्यासात मग्न असत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेशी त्यांचा निकटचा संबंध होता.

चौल व वसई

वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात आली. किल्ल्याच्या तटबंदीत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आदी पंथांची चर्च व मठ उभे राहिले. रेवदंडा येथील पोर्तुगीज चौलमध्येही असेच वैभव होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. तटाच्या आतील पोर्तुगीज वस्ती निघून गेली आणि उपासकांवाचून ही मंदिरे ओकीबोकी झाली. वसईच्या मोहिमेतून मिळालेल्या चर्चच्या काही घंटा पुढे मराठी मुलखातील देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक. छपरे गेल्यावर कोकणच्या पावसाने आणि वड-पिंपळाच्या मुळांनी भिंतींची झीज चालूच ठेवली.

छायाचित्रयुक्त ग्रंथ

‘नोट्स ऑन द हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ चौल अँड बसीन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८७६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात १७ छायाचित्रे, ९ शिलामुद्रित चित्रे व एक नकाशा आहे. मजकुरात दोन्ही स्थळांचा पूर्वेतिहास, वास्तूंची वर्णने व शिलालेख यांचा समावेश आहे.

त्या काळी छायाचित्रण कष्टसाध्य होते. काचेवर कोलोडियनचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घेणे व धुणे भाग पडे. त्यामुळे बाहेरगावी काळोखी तंबू, रसायने आणि अवजड कॅमेरा न्यावा लागे. प्रकाशनकाल दीर्घ असल्याने हलणारी माणसे व पाने पुसट उमटत; निश्चल दगड मात्र स्पष्ट येई. छायाचित्रे मजकुराबरोबर छापण्याची सोय सार्वत्रिक झाली नव्हती, त्यामुळे छायाचित्रयुक्त ग्रंथ दुर्मीळ व महाग असत.

अन्य लेखन

स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या ‘सह्याद्रिखंडा’ची निरनिराळ्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली त्यांची आवृत्ती १८७७ मध्ये निघाली. कोकणच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना ती आजही पाहावी लागते. श्रीलंकेतील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास (१८७५), कोकणी भाषा व वाङ्मय (१८८१), इंडो-पोर्तुगीज नाणी आणि मुंबईची उत्पत्ती (१९००) हे त्यांच्या लेखनाचे अन्य विषय होत. त्यांचा स्वतःचा नाणेसंग्रहही मोठा होता.

महत्त्व

दा कुन्हा स्वतः गोमंतकीय ख्रिस्ती होते. परंतु पडक्या चर्चकडे त्यांनी केवळ गतवैभवाचे स्मारक म्हणून पाहिले नाही. पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या चौलचाही त्यांनी तितक्याच आस्थेने मागोवा घेतला. पुराणाची पोथी, नाणे, थडग्यावरील लेख आणि ओसाड भिंत या सर्वांना त्यांनी इतिहासाची साधने मानले. वसईचा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. हे संरक्षण लाभण्यापूर्वी तेथे काय उभे होते आणि नंतर काय ढासळले, हे ताडून पाहण्यासाठी १८७६ चा हा ग्रंथ महत्त्वाचा आधार ठरतो.