अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

बालशिक्षणाच्या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीचे कार्य केले. मात्र हे शिक्षण सधन घरांपुरतेच राहावे, हे त्यांना रुचले नाही. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ सहकारी लाभल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ओळखीच्या अंगणात मूल बुजत नाही, हे त्यांनी जाणले. त्यातूनच अंगणवाडी साकारली. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, पाने व बिया यांनी घेतली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी हे कार्य विस्तारले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज गोंडपिपरी परिसरातील एखाद्या अंगणवाडीत गोंडी बोलणारे मूल दारापाशीच थबकले, तर त्याच्या बोलीतील एक हाक त्याला आत आणू शकते. ती हाक देणे, हेच ताराबाईंचे खरे स्मरण होय.