धुरक्याचा छडा लावणारा प्राध्यापक

लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्याला हॉलिवूड आठवतं. पण जुलै १९४३ मध्ये या शहरावर असं धुरकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका आली. मग कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. तो बंद केला तरी धुरकं हटेना. लंडनचं धुरकं कोळशाचं होतं. इथे कोळसा फारसा जळतच नव्हता. मग हे आलं कुठून? या प्रश्नाचं उत्तर शोधलं आरी यान हाखेन-स्मिट यांनी.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरात झाला. तिथल्याच विद्यापीठातून १९२९ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९३६ मध्ये ते हार्वर्डला गेले आणि १९३७ मध्ये पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये रुजू झाले. विषय वनस्पतींच्या रसायनांचा. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, हे शोधण्यासाठी त्यांनी काही टन अननस वापरले आणि त्यांतली बाष्पं अतिथंड नळ्यांमध्ये गोठवून तपासली.

१९४८ च्या सुमारास याच पद्धतीने त्यांनी पासाडेनाची हवा तपासली. सुमारे ३० हजार घनफूट हवा नळ्यांतून ओढल्यावर हाती लागले घाण वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. त्यात अल्डिहाइडं, आम्लं आणि पेरॉक्साइडं होती. मोटारीच्या धुराड्यातून किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यातून ही थेट एवढी बाहेर पडत नव्हती. म्हणजे ती हवेतच तयार होत होती!

मग त्यांनी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र करून प्रकाशात ठेवले. ओझोन तयार झाला, डोळे चुरचुरले, पालेभाज्यांच्या पानांवर शेतातल्यासारखेच डाग पडले. ओझोन मोजायला त्यांनी साधी रबराची वाकवलेली पट्टी वापरली. ओझोन जितका जास्त, तितक्या लवकर तिला भेगा!

हे असं का होतं? सूर्यप्रकाशात नायट्रोजन डायऑक्साइड फुटून ओझोन बनतो, आणि उरलेला नायट्रिक ऑक्साइड तो ओझोन खाऊन टाकतो. हिशेब बरोबरीत सुटतो. पण मध्ये पेट्रोलची वाफ आली की नायट्रिक ऑक्साइडची परस्पर विल्हेवाट लागते आणि ओझोन साचत जातो.

आज आपल्याला ठाऊक आहे की गोष्ट इथे संपत नाही. ग्लायऑक्सालसारखी संयुगं ढगांच्या थेंबांत विरघळतात, तिथे त्यांचं ऑक्झॅलिक आम्ल होतं. ढग न बरसता विरला की पाणी उडून जातं आणि सूक्ष्म कण हवेत उरतात. म्हणजे ढग ही नुसती पाण्याची टाकी नाही, ती चालती रिअॅक्टरच आहे.

हाखेन-स्मिट यांना खरं तर पुन्हा सुगंधाच्या कामाकडे वळायचं होतं. पण तेल कंपन्यांच्या पैशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या तज्ज्ञाने कॅलटेकमध्येच व्याख्यान देऊन त्यांचे निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न केला. सरांचं डोकं फिरलं! पण त्यांनी भांडण प्रयोगशाळेत नेलं. आवडता विषय बाजूला ठेवून ते पूर्णवेळ धुरक्याच्या मागे लागले. १९५२ मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. पुढे विरोधकांनाही त्यांचं म्हणणं मान्य करावं लागलं.

१९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं आणि त्याच वर्षाअखेर गव्हर्नर रेगन यांनी त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. १७ मार्च १९७७ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

मित्रांनो, बाइकच्या पीयूसीवर 'एचसी' असा एक आकडा छापलेला असतो. तो न जळलेल्या हायड्रोकार्बनचा. पुढच्या वेळी पावती पाकिटात कोंबण्याआधी तो जरूर वाचा. तो आकडा तिथे असावा, यासाठी एका माणसाने अननस सोडून धूर हुंगला होता.